अपक्षकाकांची माघार

१

अपक्षकाका नाहीसे झाले, हे ज्यांच्या लक्षात यायला हवं होतं त्यांच्या आलंच नाही. ते आलं एका प्राध्यापकांच्या, आणि तेही स्वतःच्या कामापोटी. प्राध्यापक आपल्या मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास लिहीत होते. जिंकलेल्यांबद्दल लिहून झालं होतं. आता हरलेल्यांचं प्रकरण लिहायचं, तर तिथं अपक्षकाकांवाचून पान हलणार नव्हतं. संसदेच्या सात निवडणुका लढवून सातही वेळा अनामत घालवलेला दुसरा माणूस या मतदारसंघात झाला नव्हता. त्यांचं खरं नाव मतपत्रिकेबाहेर कुणी घेत नसे.

मुलाखतीचा दिवस ठरला होता. प्राध्यापक गेले तर दाराला कुलूप. पुन्हा गेले, तरी कुलूप. मग वर्तमानपत्रात माघार घेतलेल्या उमेदवारांची नावं छापून आली आणि त्यात चक्क अपक्षकाका! प्राध्यापक तडक फौजदारबाईंकडे येऊन धडकले.

फौजदारबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या एकट्याच. दाराची घंटा वाजली की हल्ली त्यांना आधी वाटायचं, शेजारच्यांकडे आलेला कुणीतरी चुकून इथं दाबतोय.

"पोलिसांत गेलात?" सगळं ऐकून त्यांनी विचारलं.

"गेलो. म्हणाले, सज्ञान माणूस आहे, गेला असेल कुठंतरी. बाई, जो माणूस सात वेळा आपटूनही मागे हटला नाही, तो आठव्या खेपेला आपणहून माघार घेईल?"

बाईंनी पायात चपला सरकवल्या. माघारीचं कोडं होतंच. पण त्यांच्या मनात वेगळीच भीती होती. एकटा म्हातारा माणूस, बंद खोली, आणि दार ठोठावणारं कुणी नाही. नोकरीत असताना अशी दारं त्यांनी फोडलेली होती. आत काय दिसतं ते त्यांना ठाऊक होतं.

काकांची खोली त्यांच्या पुतण्याच्या घरामागे होती. दुसरी किल्ली पुतण्याकडेच होती. पण ती वापरायचं त्याला सुचलं नव्हतं. त्यानं कुरकुरत कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं. 

खाट, टेबल, एक खुर्ची. कपडे बहुतेक गेलेले. भिंतीच्या कोपऱ्यांवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, रंग खरवडल्याच्या ताज्या खुणा. कोपऱ्यात वर्तमानपत्रावर फुटक्या कपांचे तुकडे.

"बाई, इकडे बघा!" प्राध्यापक खाटेजवळ वाकले होते. त्यांच्या हातात काळ्या कापडाची लांब पट्टी होती. मध्ये रुंद, दोन्ही टोकांची मिळून गाठ, आणि गाठीत अडकलेले दोन पांढरे केस.

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. "डोळे बांधून नेलंय त्यांना."

२

 बाईंनी कापड घेऊन खिडकीपाशी नेलं, गाठ न सोडता नीट पाहिलं. मग कोपऱ्यात बसून कपांचे तुकडे हातानं वेगळे केले. निळी फुलं एकीकडे. लाल काठ दुसरीकडे. साधे पांढरे तिसरीकडे.

"झटापटीत फुटले असणार," पुतण्या म्हणाला. "आवाज यायचेच खोलीतून. धाडकन काहीतरी पडायचं, भिंतीवर आदळायचं. तीन-चार संध्याकाळी ऐकलं मी."

"आणि बघायला गेला नाहीत?"

"मध्ये भिंत आहे ना, बाई." हे तो इतक्या सहज म्हणाला, की बाई क्षणभर त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"दुसऱ्या कुणाचा आवाज?"

"तेव्हा नाही. पण माघारीच्या आदल्या दिवशी खासदारांच्या एजंटाची मोटार आली होती. काका चढ्या आवाजात बोलत होते. मी पोलिसांत त्याचंच नाव देणार आहे. वर्तमानपत्रांनाही सांगणार." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "खोली तेवढी रिकामी करायला हरकत नाही ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "चार दिवस एका वस्तूलाही हात लावायचा नाही."

पुतण्या गेल्यावर त्या खाटेवर बसल्या. "प्राध्यापक, तुमच्या इतिहासात हे काका कुठं बसतात, ते मला समजेल असं सांगा."

प्राध्यापक खुर्ची ओढून बसले. एरवी त्यांचं ऐकायला कुणी बसत नसावं. ते भरभरून बोलू लागले. "या मतदारसंघाचा सगळा इतिहास म्हणजे एका न झालेल्या पुलाचा इतिहास आहे, बाई. नदीपलीकडच्या गावाला पूल बांधून देतो, असं पहिल्या खासदारांनी कबूल केलं. त्यांच्या मुलानं केलं. मुलाला पाडणाऱ्यानंही तेच केलं. पायाभरणी तीनदा झाली, पूल एकदाही नाही. मग एकदा नाव उलटली, माणसं गेली. त्या दिवसापासून गावानं मतदानावर बहिष्कार घातला, तो आजतागायत."

"म्हणजे त्या केंद्रावर मतं शून्य."

"पहिल्या खेपेला शून्य. त्या वेळी काका निवडणुकीच्या कामावर कारकून होते, आणि नेमणूक नेमकी त्याच केंद्रावर. अख्खा दिवस रिकाम्या पेटीसमोर बसले असतील. पुढच्या निवडणुकीआधी नोकरी सोडून स्वतःच उभे राहिले. तेव्हापासून मतदानाच्या दिवशी ते इतर कुठंही फिरकत नाहीत. पलीकडच्या केंद्रावर स्वतःचेच प्रतिनिधी म्हणून दिवसभर बाकावर बसतात. आणि त्या केंद्रावर दर वेळी मत पडतं एक. एकच. तेही यांना."

"कुणाचं?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "ते मी कधी विचारलंच नाही. माझं सगळं काम आकड्यांवरून चालतं. नदी ओलांडून मी कधी गेलेलो नाही."

३

खासदारांच्या कचेरीत माणसांचा नुसता बुजबुजाट होता. एजंटानं मात्र बाईंना पाहताच दोघांना उठवून खुर्ची मोकळी करून दिली.

"मी पळवलं? काकांना?" तो पोट धरून हसला. "बाई, मी त्यांच्यापुढे पायघड्या घालीन! त्यांचं चिन्ह कंदील, विरोधकांचं चिन्ह दिवा. घाईघाईत विरोधकांची म्हातारी माणसं दिवा सोडून कंदिलावर शिक्का मारून येतात. मागच्या वेळी आमचे साहेब जेमतेम तरले ते त्या कंदिलाच्या उजेडात. काका उभे राहिले नाहीत तर आमच्या घरात अंधार!"

"मग भांडायला कशाला गेला होतात?"

"विनवायला गेलो होतो हो! ते माघार घेणार अशी कुणकुण लागली होती. हात जोडले. तर आवाज चढवून म्हणाले, 'तीस-पस्तीस वर्षं तुम्ही मला हसलात आणि आज राहा म्हणता?' बरोबरच होतं म्हणा त्यांचं. शेवटी मी म्हटलं, काका, विरोधकांनी काही धमकी दिली का? तर शांत झाले एकदम. म्हणाले, 'धमकी कसली? पण या खेपेला उमेदवार राहून चालायचं नाही. उमेदवाराचे हात बांधलेले असतात.'"

"हात बांधलेले?"

"हेच शब्द. मला तर वाटलं, वयानं डोकं जरा सरकलं." एजंट त्यांना दारापर्यंत पोचवायला आला. आता तो हसत नव्हता. "खरं सांगू? इतक्या वर्षांत त्यांच्या घरी बसून चहा पिणारा बहुधा मी एकटाच. तोही पाच वर्षांतून एकदा, कामापुरता. त्या दिवशी पाणी प्यायला मागितलं तर ते पेला शोधायला लागले. घरात कपच उरले नव्हते. आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ."

बाई जागच्या जागी थांबल्या. म्हणजे कप फुटले, डोकं आपटलं, ते एजंट येण्याच्या आधीच. आणि तरीही काका घरातच होते, शुद्धीवर होते, चिडत होते.

"टेंगूळ कशानं, विचारलंत?"

"विचारलं. हसले. म्हणाले, अंधारात चालायची सवय राहिली नाही." एजंटानं खांदे उडवले. "तिथून ते छापखान्याकडे निघाले. आता मला सांगा, ज्याला माघार घ्यायची तो छापखान्यात कशाला जाईल?"

४

छापखानेवाला शाईचे हात पुशीत बाहेर आला. काकांचं नाव काढताच त्याला खुलून बोलावंसं वाटलं.

"त्यांचं काम म्हणजे गंमत होती, बाई. इतर उमेदवारांची पत्रकं पोत्यानं जातात. हे इतकी थोडी छापायचे, की मला यंत्र सुरू करायला संकोच वाटायचा. आणि मजकूर तरी काय, त्यांचं नाव आणि कंदील. पण अक्षर मोठं हवं. पहिल्यांदा नेहमीच्या मापाचं होतं. पुढच्या निवडणुकीला म्हणाले, जरा मोठं करा. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. मागच्या खेपेला तर एका कागदावर जेमतेम नाव मावलं. मी म्हटलं, काका, तुमचे मतदार काय दुर्बीण उलटी धरून वाचतात?"

"आणि या वेळी?"

"या वेळी विचारायला आले, की अक्षर उठावाचं निघेल का. बोटांना लागेल असं. मी म्हटलं, माझ्याकडे ती सोय नाही, आणि तुमची उमेदवारी राहणार की जाणार याचाच गावात बोभाटा झालाय. तर म्हणाले, 'माझं नाव नकोच आहे. बाकीच्या उमेदवारांची नावं हवीत.'"

प्राध्यापक बाईंकडे पाहू लागले. स्वतःला सोडून प्रतिस्पर्ध्यांची नावं छापून मागणारा उमेदवार त्यांच्या कुठल्याच प्रकरणात नव्हता.

"मग काय केलंत?"

"करणार काय! सहज म्हणून गेलो, कापडावर जाड दोऱ्यानं शिवून घ्या, बोटांना लागेल. त्यांना ते इतकं पटलं! खिडकीशी उभे राहून स्वतःशीच हसत होते. म्हणाले, 'शिवलेलं तर तिला नक्की वाचता येईल.'"

"कुणाला?" बाईंनी पटकन विचारलं.

"मलाही तोच प्रश्न पडला," छापखानेवाला म्हणाला. "काकांच्या तोंडी 'ती' मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली."

५

संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात प्राध्यापक चहासमोर बसले होते. बाईंनी कपाट उघडलं. वरचा कप त्यांच्या रोजच्या वापरातला. दुसरा मागून काढून धुवावा लागला. मग त्यांनी निवडणूक अधिकाऱ्यांना फोन लावला. एकदा मतदानाच्या बंदोबस्तात त्या त्यांच्या हाताखाली होत्या. बोलणं थोडक्यात झालं. फोन ठेवताना बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला हसू म्हणता आलं नसतं.

"कुणी पळवलं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"कुणीच नाही. पहिल्यापासून बघा. कपांचे तुकडे तीन प्रकारचे होते, आणि गोळा करून ठेवलेले होते. पळवून नेणारे केर काढत नाहीत. शिवाय आवाज एका संध्याकाळी नाही, तीन-चार संध्याकाळी आले. आता ती पट्टी. दुसऱ्याचे डोळे बांधले की गाठ डोक्यामागे येते आणि घट्ट असते. ही एका बाजूला, कानाजवळ येईल अशी होती, आणि सैल. कापड पुन्हापुन्हा बांधून-सोडून चुरगळलेलं. ती गाठ त्यांनी स्वतः बांधली होती."

"स्वतःचे डोळे? कशासाठी?"

"न दिसणारं माणूस कसं चालतं, कुठं अडखळतं, हात कुठं लागतो, ते कळायला. म्हणून कप फुटले, म्हणून टेंगूळ आलं." बाईंनी चहाचा घोट घेतला. "पत्रकं थोडी, म्हणजे वाचणारं माणूस एकच. अक्षर दर वेळी मोठं, म्हणजे तिची दृष्टी दर वेळी कमी. या वेळी ती पुरती गेली. ते एक मत तिचं आहे, प्राध्यापक."

"बरं. पण माघार का?"

"तेच विचारायला फोन केला. दिसत नसलेल्या मतदाराला आत सोबती नेता येतो. शिक्का सोबत्यानं मारायचा. नियम दोन. सोबती त्याच केंद्राचा मतदार हवा. आणि तो उमेदवार किंवा उमेदवाराचा प्रतिनिधी नसावा. काकांनी आपलं नाव आधीच पलीकडच्या गावात हलवलं होतं. अधिकारी म्हणाले, तिकडून इकडे सगळेच येतात, इकडून तिकडे गेलेला हा पहिलाच. दुसरा नियम त्यांना अर्ज भरल्यावर कळला. गावचा बहिष्कार आहे. तिला हात द्यायला दुसरं कोण येणार? उमेदवाराचे हात बांधलेले असतात, ते हे. त्यांनी ते सोडवून घेतले."

प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "पण म्हणजे तिनं ज्याला मत द्यायचं, तोच आता रिंगणात नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि हे सगळं मी कपांवरून आणि गाठीवरून सांगतेय. ते तिथं पोचले, सुखरूप आहेत, हे अजून कुणीही पाहिलेलं नाही."

६

सकाळच्या नावेतून बाई एकट्याच उतरल्या. घाटावरून वर एकच रस्ता जात होता, आणि त्या रस्त्यावर दोन माणसं फार सावकाश चालत होती.

"आता तीन पावलांवर उतार आहे," पुरुषाचा आवाज आला. "उजवीकडे दगड."

"दगड मला माहीत आहे. तुमच्या आधीपासून आहे तो," एका स्त्रीचा आवाज.

सत्तरीचा उंच माणूस, कपाळावर पिवळं पडलेलं टेंगूळ. त्याच्या कोपराला धरून चाललेली ठेंगणी म्हातारी, मान किंचित वर केलेली. रस्त्याच्या टोकाला शाळा होती. मतदान तिथंच व्हायचं.

"अपक्षकाका," फौजदारबाईंनी हाक मारली. "तुम्हाला शोधायला आले."

काका गोंधळले. मागे वळून पाहिलं, जणू त्या नावाचा दुसरा कुणी असावा. "मला? कुणी शोधलं?"

पुतण्यानं, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता. "प्राध्यापकांनी," त्या म्हणाल्या. "आणि मी."

"अरेरे. उगीच तुम्हाला त्रास." त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "कुणाला कळवावं असं काही वाटलंच नाही हो. कळवायचं तरी कुणाला?"

म्हातारी शिवणकाम करून पोट भरत असे. घरी गेल्यावर तिनं बोटांनी चाचपत बाईंना बसायला खुर्ची दिली. मशिनीवर एक कापड पसरलेलं होतं. त्यावर जाड दोऱ्यानं उमेदवारांची नावं, अर्धी शिवून झालेली. दोरा ओवायचं काम काका करत होते.

"माझा नवरा त्या नावेत होता," ती म्हणाली. "गाव म्हणालं, मत द्यायचं नाही. मी म्हटलं, घरात बसलो तर त्या पुढाऱ्यांना बरंच आहे की. संध्याकाळी गेले शाळेत. हे पेटीमागे बसलेले. नावं वाचली आणि विचारलं, यातला एक तरी कधी नावेत बसून इकडे आलाय? यांनी मान खाली घातली. मी तशीच परत आले."

"पाच वर्षांनी मी नावेत बसून आलो," काका खाली बघत म्हणाले. "उमेदवार म्हणून. निवडून यायचं नव्हतंच. यांच्यासमोर एक नाव असावं, एवढंच."

"मग पाच वर्षांतून एक दिवस हे यायचे," म्हातारी म्हणाली. "मी मत द्यायची. शेवटच्या नावेपर्यंत पायरीवर बसून बोलायचो. झालं. पुढची निवडणूक."

बाईंना हिशेब नको होता, तरी तो मनात झालाच. सगळ्या आयुष्यात मिळून एक आठवडा.

"आणि मध्ये कधी यावंसं नाही वाटलं?" त्यांनी काकांना विचारलं.

"कुठल्या निमित्तानं येणार?" काका म्हणाले.

म्हातारीनं मशिनीवरचं कापड हातानं सारखं केलं. मग बाईंनी विचारलं, "आता मत कुणाला देणार, आजी?"

"ते कशाला सांगू?" म्हातारी एकदम ताठ झाली. "इतकी वर्षं एकच मत पडायचं. लपवणार कुठं? पेटी उघडली की साऱ्या गावाला माझं मन वाचता यायचं. कुणी शिवायला कपडे देईनासं व्हायचं, कुणी बोलेनासं. या वेळी आत गेल्यावर नाव बोटानं दाखवीन. तोंडानं नाही."

"आणि मला पटो न पटो," काका म्हणाले, "शिक्का तिथंच मारीन."

निकाल लागला. खासदार पडले, एजंटाच्या घरात त्यानं म्हटल्याप्रमाणे अंधार झाला. प्राध्यापकांचा फोन आला.

"बाई, पलीकडच्या केंद्रावर दोन मतं! एक खासदारांना, एक विरोधकांना. म्हणजे दोघांनी वेगवेगळी दिली. कोणतं कुणाचं?"

"ते कुणालाच सांगता यायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही, गावाला नाही, मलाही नाही."

"काकांना माहीत असेल."

"असेल. ते सांगणार नाहीत."

"मग मी इतिहासात काय लिहू?"

"दोन मतं पडली, असं लिहा."

फोन ठेवला तसं घर पुन्हा गप्प झालं. तपास संपला होता. आता त्यांच्याकडे कुणी येणार नव्हतं आणि त्यांना कुठं जायचं नव्हतं. बाई थोडा वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. मग कुलूप घेऊन बाहेर पडल्या.

नावाड्यानं त्यांना ओळखलं. हात धरून नावेत घेतलं. "काय बाई, पलीकडे काही काम निघालं वाटतं?"

फौजदारबाई आयुष्यात कुणाच्याही दारात कामाशिवाय गेल्या नव्हत्या. त्या फळीवर नीट बसल्या, मांडीवर हात ठेवले.

"काम काही नाही," त्या म्हणाल्या. "सहज चाललेय."